कुठून बसलात?

अकोसुआ बिरागो या बाईंनी आबेनासूच्या प्राथमिक शाळेत उभी हयात काढली. लग्न केलं, मोडलं, पुन्हा त्या भानगडीत पडल्या नाहीत. उंच शरीर, खणखणीत आवाज आणि कुणाचं ऐकून न घेण्याची सवय. त्यामुळे मुख्याध्यापक बदलत गेले, बाईंच्या वर्गाची खोली बदलली नाही. गाव त्यांना दोन गोष्टींसाठी ओळखायचं. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर पाढ्यांत अडत नसे, आणि 'पोचलो तर पोचलो' ही पोरांची गोष्टमालिका त्या लिहीत.

'पोचलो तर पोचलो' हे एका ट्रोट्रोचं, म्हणजे भाड्यानं उतारू नेणाऱ्या मिनीबसचं नाव. कुमासी शहराच्या रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक ट्रोट्रोच्या मागच्या काचेवर काहीतरी रंगवलेलं असतंच: 'देव बघतोय', 'शत्रूंनो, जेवलात का', 'सासूबाई, सबुरी'. बाईंची ही खटारा मिनीबस मात्र कुमासीला न जाता काळात मागंपुढं जायची. पान्यिन आणि काक्रा ही जुळी भावंडं, भाऊ मोठा आणि बहीण धाकटी, तिच्यात बसून कुठल्या कुठल्या शतकांत जाऊन यायची. सोन्याच्या खाणी झाल्या, समुद्रावरचे किल्ले झाले, पहिली रेल्वे झाली. एकदा तर गाडी अशा सालात गेली, जेव्हा आबेनासूत रोज वीज असते. त्या भागावर मोठी माणसं पोट धरून हसली. पोरांनी तो खरा धरला.

गाडी जादूची असली तरी नियम रस्त्याचेच होते. सगळ्या सीटा भरल्याशिवाय ट्रोट्रो हलत नाही. म्हणजे परत यायचं तर जुन्या काळातून उतारू गोळा करावे लागत, आणि त्यातच निम्मी गोष्ट व्हायची. दुसरं, झालेलं पुसता येत नाही. गाडी कुठंही नेईल, पण घडलेलं न घडलेलं करून देणार नाही. आणि तिसरा नियम मेटचा. दाराला लटकून गिऱ्हाईक ओरडणारा, पैसे गोळा करणारा, टायर बदलणारा हा मेट म्हणजे सगळ्या मालिकेचा जीव. चढणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, "कुठून बसलात?" मग उतारूनं आपण कोण, कुठले, कुणाचे ते खरं खरं सांगायचं. भाडं त्यावर ठरायचं, आणि भाडं म्हणजे ज्याच्या त्याच्या काळातलं खाणं, कारण मेट कायम उपाशी. कुणी खोटं सांगितलं की टायर पंक्चर. सहा भागांत इतकी पंक्चरं झाली होती की मधल्या सुट्टीत कुणी थाप मारली की बाकीची पोरं तोंडानं हवा सोडल्याचा आवाज काढायची.

प्रत्येक भागात जुळी भावंडं खिडकीच्या सीटसाठी भांडायची आणि प्रत्येक भाग एकाच वाक्यानं संपायचा: गाडी भरली, चला. हे वाक्य वर्ग एका सुरात म्हणायचा.

पुस्तकं छापायचे अंकोमा. त्यांचा खरा धंदा मयताच्या पोस्टरांचा. आसपासच्या गावांत कुणी गेलं की माणसं फोटो घेऊन आधी अंकोमांकडे यायची. त्यांच्याकडे शाई दोनच, लाल आणि काळी, त्यामुळे बाईंच्या प्रत्येक भागाचं मुखपृष्ठ लांबून मयताचं पोस्टर वाटायचं.

"अंकोमादादा, जरा हिरवी शाई आणा की," बाई दर वेळी म्हणायच्या.

"हिरवं कोण मरतंय? माझ्या गिऱ्हाइकांनी आजवर तक्रार केली नाही."

"तुमची गिऱ्हाइकं बोलत नाहीत."

"म्हणून तर धंदा चाललाय. तू एक जिवंत गिऱ्हाईक, आणि तुझीच कटकट."

घोळ झाला सहाव्या भागात. बाई त्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या. शेवटचे दोन भाग आपल्याच गावाचे करायचे, आणि सातवा वर्गाच्या हातात देऊन घरी बसायचं, असा त्यांचा बेत होता. पोरांना तसा शब्दही दिला होता. तर सहाव्या भागात ट्रोट्रो आबेनासूच्याच जुन्या काळात जाते, पहिल्या नाना अक्रासींच्या. नदीकाठी पान्यिनच्या पायात काटा मोडतो. नाना तिथंच उभे असतात. ते पोरासाठी कळवळतात आणि स्वतःच्या चपला काढून त्याला देतात. एवढंच.

आता नाना म्हणजे गावचे राजे, आणि राजाचा उघडा पाय जमिनीला लागता कामा नये हे आबेनासूत शेंबड्या पोरालाही माहीत. राजाला गादीवरून उतरवायचं असलं की त्याच्या चपलाच काढून घेतात, दुसरं काही करावं लागत नाही. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? पण लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक मायाळू माणूस होता, आणि तो राजा आहे हे त्या भरात विसरून गेल्या. अंकोमांनी छपाईचे खिळे जुळवताना वाचलं, तेही विसरले. पोरांना काट्याची काळजी होती, चपलांची नव्हती.

ध्यानात आलं ते बोआटेन यांच्या. जुने नाना नुकतेच गावाला गेले होते. राजे मरत नाहीत, गावाला जातात. गावात राजघराणी दोन, वरचं घर आणि खालचं घर; नवी गादी पुन्हा खालच्या घराकडे गेली होती आणि वरच्या घराच्या पोटात दुखत होतं. बोआटेन हे वरच्या घरातले वडीलधारे. नातवाच्या हातातून सहावा भाग काढून घेऊन ते भर सभेत उभे राहिले.

"हे बघा, छापलंय. पहिल्या नाना अक्रासींनी आपल्या हातानं चपला काढल्या. ज्याच्या पायात चपला नाहीत तो राजा नाही. मग तेव्हापासून खालचं घर बसलंय ते कशावर? शाळेच्या बाकावर?"

सभा हसली. पोरांचं पुस्तक, काळात फिरणारी खटारा, कोण मनावर घेतंय? पण दुसऱ्या दिवसापासून टोमॅटो विकणाऱ्या बाया खालच्या घरच्या बायकांना विचारू लागल्या, "चपला आहेत ना गं पायात?" मग थोड्याच दिवसांत राजवाड्याचा माणूस शाळेच्या दारात उभा राहिला.

बाई गेल्या. सोबतीला अंकोमाही गेले, कारण छापणाऱ्यालाही बोलावणं होतं. अंगणात वरच्या बाजूला छत्रीखाली नाना बसलेले, हेही अक्रासीच, दुसरे. पायांत रुंद काळ्या चपला. पायांशी न्तिम नावाचा ठेंगणा म्हातारा, मांडीवर चपलांचा दुसरा जोड घेऊन. राजा जाईल तिथं हा दुसरा जोड जातो, आणि न्तिमचं घराणं पिढ्यान् पिढ्या तेवढंच काम करत आलं. नानांशी थेट बोलायचं नसतं. बोलायचं ते ओच्यामेशी. मग सोन्याच्या मुठीची काठी धरलेले ओच्यामे ते नानांच्या कानी घालतात, आणि घालताना सजवतात.

"चूक झाली. मुद्दाम केली नाही," बाई म्हणाल्या.

ओच्यामे नानांकडे वळले. "नाना, ही आपली लेक म्हणते, कोंबडीचा पाय पिल्लावर पडतो तो पिल्लाला मारायला पडत नाही."

"मी असलं काही म्हणाले नाही," बाई पुटपुटल्या.

"गप्प बस," अंकोमा कानाशी म्हणाले. "तुझ्यापेक्षा बरं बोलताहेत."

तेवढ्यात बोआटेन उठले. चूक कसली, छापलेलं ते छापलेलं, आता ते कुणी बदलू नये, असं त्यांचं म्हणणं. बाईंचा मूळचा स्वभाव उसळला. ओच्यामेची वाट न बघता त्या म्हणाल्या, "बोआटेनकाका, गादी हवी असेल तर राजरोस मागा. पोरांच्या पुस्तकातून काय चोरता?"

सगळं अंगण हसलं. बोआटेन यांचा चेहरा पडला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं त्यांचं झालं.

"जुन्या काळात गाड्या फिरवतेय, आणि कोण, तर ही! जिच्या आईच्या गालावरच्या..."

ओच्यामेची काठी जमिनीवर आपटली. वाक्य तिथंच तुटलं. 

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. इथं ऋषी असो की हमाल, कुणाचंच कूळ विचारायचं नाही, आणि माहीत असलं तरी बोलायचं नाही, असा राजाचा कायदा आहे. जुन्या लढायांत उत्तरेकडून धरून आणलेली, विकत घेतलेली माणसं या गावातल्या घराघरांत मिसळली, त्यांना नावं मिळाली, शेतं मिळाली, नातीगोती झाली. कोण कुठून आलं हे पुन्हा उकरायचं नाही. एका बाजूनं बघितलं तर ही मोठी माया आहे. दुसऱ्या बाजूनं काय आहे ते बाईंना त्या क्षणी कळलं, कारण अंगणातले सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि सगळ्यांना माहीत होतं.

नानाही दचकले होते. त्यांचा उजवा पाय चपलेतून सुटला. तो खाली टेकायच्या आत न्तिमचा तळहात पायाखाली आला. नानांनी त्या हातावर पाय ठेवला, न्तिमनं दुसऱ्या हातानं चप्पल सरकवली, पाय आत गेला. एवढं होईपर्यंत म्हाताऱ्यानं मानही वर केली नाही. हे बाईंनी पाहिलं, पण तेव्हा त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

बोआटेन यांना जागेवर माफी मागावी लागली. त्यांच्या गोठ्यातली मेंढी दंड म्हणून त्याच संध्याकाळी राजवाड्यात आली. मग वडीलधारे "म्हातारीला विचारून येतो" म्हणून भिंतीमागं गेले. भिंतीमागं कुणी म्हातारी नसते. निवाडा आवडला नाही तर राग तिच्यावर निघावा म्हणून ती ठेवलेली आहे. परत येऊन ओच्यामेनी सांगितलं, "म्हातारी म्हणते, सहावा भाग जाळायचा नाही. जाळला तर लोक म्हणतील खरा होता. ज्या गाडीनं घाण केली तिनंच जाऊन निस्तरावी. सातवा भाग आधी इथं वाचायचा, मग छापायचा. पहिल्या नानांचा पाय जमिनीला लागला नाही असं त्यात दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर गाडी कायमची बंद. आणि अंकोमाला राजवाड्याचं कामही बंद."

"माझं काय मध्येच?" अंकोमा म्हणाले. ओच्यामेनी हे मात्र सजवून सांगितलं नाही.

बाई घरी आल्या आणि दार लावून बसल्या. आईच्या दोन्ही गालांवर कानापासून ओठापर्यंत बारीक रेघा होत्या. लहानपणी आकडी यायची म्हणून चिरा देऊन औषध भरलं होतं, असं आई सांगायची. शेजारच्या मुलांच्याही गालांवर औषधाच्या चिरा असत, पण आखूड. आईच्या लांब होत्या, उत्तरेकडच्या माणसांच्या असतात तशा, हे बिरागोला पाचव्या-सहाव्या वर्षीच दिसलं होतं. तिनं विचारलं नाही. पुढं शतकानुशतकं गाड्या फिरवणारी ही बाई आपल्या आईच्या गालापर्यंत कधी गेली नाही. आता तिथं बोआटेन जाऊन आले होते, आणि बाईंना लाज वाटली. थोड्या वेळानं त्या लाजेचाच राग आला. आईला मरून बरीच वर्षं झाली होती आणि तिच्याशी भांडता येत नव्हतं.

सुट्टी जवळ येत होती. बाईंनी सातवा भाग लिहायला घेतला. सोपं होतं: गाडी पुन्हा त्याच नदीकाठी जाते, या वेळी पान्यिन "नको नाना" म्हणतो आणि चपला घेतच नाही. वर्गात त्यांनी तेवढं वाचून दाखवलं. दुसऱ्या बाकावरची मान्सा उभी राहिली. ही घरातली तिसरी मुलगी, आणि तिसऱ्या मुलीचं ऐकून घ्यायला घरी कुणाला वेळ नसतो, म्हणून शाळेत बोलायची.

"मॅडम, हे चालत नाही."

"का गं?"

"झालेलं पुसता येत नाही. पहिल्या भागात तुम्हीच लिहिलंय."

मागच्या बाकावरून हवा सोडल्याचा आवाज आला. मग सगळ्या वर्गातून आला. बाईंनी कुणाला रागावलं नाही. कागद घडी करून पर्समध्ये टाकले.

"पोरांचं काय घेऊन बसलीस?" अंकोमा म्हणाले. "लिहून टाक, चपला काढल्याच नाहीत. राजवाडा खूश, मी खूश."

"आणि पोरं?"

"पोरं मोठी होतात गं. विसरतात."

"माझी नाही विसरत. त्यासाठीच तर पगार खाल्ला मी."

अंकोमांनी खिळ्यांचा खण जोरात बंद केला. राजवाड्याच्या मयतांवर त्यांचं अर्धं घर चालत होतं, हे बाईंनाही माहीत होतं. राजवाड्याचं ऐकावं तर पोरांपुढं खोटं पडायचं, पोरांचं ऐकावं तर गाडीही जाते आणि दादांचं पोटही. बाईंना त्या आठवड्यात जेवण गेलं नाही.

आणि मग एका दुपारी, वहीवर मान वाकवून बसलेल्या पोरांमधून फिरताना, त्यांना तो तळहात आठवला. त्या जागच्या जागी थांबल्या. पान्यिन काट्यानं कळवळत खाली बसला होता, त्याला समोरून चपला तेवढ्या दिसल्या. नानांच्या पायाखाली काय होतं ते सहाव्या भागात कुणी पाहिलंच नव्हतं. काही पुसायची गरज नव्हती. पलीकडच्या काठावरून बघायची गरज होती.

शाळा सुटल्यावर त्या थेट न्तिमच्या घरी गेल्या. म्हातारा अंगणात चपलांना तुपकट तेल चोळत बसला होता.

"न्तिमबाबा, त्या दिवशी नानांचा पाय सुटला होता."

"कधी? मला नाही दिसलं."

"मला दिसलं. खाली तुमचा हात होता."

"हात होता म्हणतेस, मग सुटला कसा म्हणतेस?"

बाई हसल्या. पुष्कळ दिवसांनी. "पहिल्या नानांच्या वेळी चपला कोण धरायचं?"

"आमच्यातलाच कुणीतरी. आमच्या घरात दुसरं काम कुणी केलंय?"

"नाव काय त्याचं?"

"त्याचं नाव कोण लक्षात ठेवतंय? आम्ही खाली बघणारी माणसं."

"त्याला मी पुस्तकात घालू का?"

न्तिमनं दुसरी चप्पल तेलाला घेतली. "घाल. पण तुझा तो मेट भोचक आहे. नात वाचून दाखवते मला. येईल त्याला विचारतो, कुठून बसलात. आमच्या माणसाला विचारील. त्यानं काय सांगायचं? खरं सांगितलं तर कायदा मोडतो, खोटं सांगितलं तर टायर."

 बाई उठल्या, तेव्हा म्हातारा चपलेकडे बघतच म्हणाला, "तुझी आई बाजारात माझ्याशी बोलायची."

"काय बोलायची?"

"ते विचारू नकोस. इथल्या दुसऱ्या कुणाला ती बोली कळलीही नसती. पण बोलायची. हसायची पण."

बाई घरी जाऊन रडल्या, पोटभर. मग तोंड धुऊन लिहायला बसल्या.

वाचनाच्या दिवशी राजवाड्याचं अंगण भरलं होतं. बाई एकेक वाक्य वाचत होत्या आणि ओच्यामे ते नानांना फुलवून सांगत होते. बाईंनी नदी लिहिली होती, ओच्यामेनी तिच्यात मगरी सोडल्या. गाडी या वेळी पलीकडच्या काठावर थांबते. जुळी भावंडं झुडपातून बघतात. नाना कळवळतात, चपलेतून पाय काढतात, आणि पाय खाली यायच्या आत दुसरा जोड वागवणारा माणूस गोट्यांवर पालथा पडून दोन्ही तळहात पुढं करतो. नाना एका हातावर उभे, मग दुसऱ्या. तो जोड कुणीतरी पायांत चढवेपर्यंत राजा त्या माणसाच्या हातांवर उभा राहतो, आणि पोराकडे बघून हसतो. पाय जमिनीला लागला नाही. काही पुसलं गेलं नाही.

अंगणात "ह्म्म" असा आवाज फिरला. खालच्या घरची माणसं सैल झाली. बोआटेन खाकरले. "त्या वेळी नदीवर वरच्या घरचा एकही माणूस नव्हता का? पाणी भरायलासुद्धा?"

"होता," बाई म्हणाल्या. "लांब उभा राहून बघत होता."

लोक हसले. बोआटेनही थोडे हसले. मग बाईंनी पान उलटलं, आणि त्यांचा खणखणीत आवाज जरा खाली आला.

गोट्यांनी त्या माणसाचे तळहात फाटले आहेत. काक्रा म्हणते, आमच्या काळात यावर औषध आहे, चला. गाडीत एकच सीट उरली आहे. तो माणूस दाराशी येतो. मेट दाराला लटकलेला.

 पोरांच्या तोंडून मेटचा प्रश्न सगळ्या गावाला पाठ होता. ज्यांनी बोआटेन यांचं अर्धं वाक्य ऐकलं होतं ते खाली बघू लागले. न्तिमचे हात चपलांवर थांबले.

बाईंनी वाचलं, "मेटनं तोंड उघडलं. त्या माणसाच्या हातांकडे पाहिलं. तोंड मिटलं. मग म्हणाला, 'यांना काय विचारायचं? हे आपल्याच गाडीचे.' मागून एक उतारू म्हणाला, 'अरे, पण कुठून...' मेट ओरडला, 'पुढं सरका, पुढं सरका, वाट अडवू नका.' गाडी सुरू झाली. टायरला काही झालं नाही."

ओच्यामे नानांकडे वळले. एरवी एकाचं दहा करणाऱ्या त्या माणसानं हे जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही.

 नाना वाकून ओच्यामेच्या कानात काहीतरी म्हणाले.

"छापा," ओच्यामेनी सांगितलं.

माणसं पांगली. बाई फाटकाशी पोचल्या तेव्हा न्तिम मागून आला.

"शेवटची सीट दिलीस त्याला."

"हो. तीच रिकामी होती."

"शेवटची म्हणजे मधल्या वाटेवरची. दुमडायची. ना पाठ टेकता येते, ना बाहेरचं दिसतं. जन्मभर वाकलेला माणूस, त्याला तिथं बसवलंस?" म्हातारा एवढं बोलून चालू लागला.

बाई तशाच अंकोमांकडे गेल्या आणि आधीच जुळवून ठेवलेले खिळे मोडायला लावले.

"आता काय राहिलं?" अंकोमा वैतागले. "राजानं छापा म्हटलंय!"

"अर्धं पान. आणि हिरवी शाई नसली तरी चालेल."

शाळेच्या शेवटच्या दिवशी सातवा भाग वर्गात आला, लाल आणि काळा. मान्सा मोठ्यानं वाचत होती. नदी झाली, हात झाले, मेट तोंड उघडून मिटून झाला. मग ते नवं अर्धं पान आलं. पान्यिन आणि काक्रा खिडकीसाठी भांडत होती, पहिल्या भागापासून भांडत होती तशीच. काक्रानं त्या माणसाला मधली सीट उघडून त्यावर बसताना पाहिलं. ती उठली. "बाबा, तुम्ही इकडं खिडकीशी बसा," म्हणाली, आणि दुमडायच्या सीटवर जाऊन बसली. तो माणूस काचेला कपाळ लावून बाहेर बघू लागला.

मान्सा थांबली. "मॅडम, मेटनं यांना विचारलंच नाही."

"नाही."

"विसरला?"

"मेट विसरत नाही," बाई म्हणाल्या. त्यांना आई आठवत होती, बाजारात कुणाशी तरी हसून बोलणारी. "तू पुढचं वाच."

पुढं एकच वाक्य होतं, आणि ते मान्साला एकटीला वाचता आलं नाही, कारण सगळा वर्ग तिच्याबरोबर म्हणाला, "गाडी भरली, चला."